कॅनडात जोडीदाराच्या पीआरची वाट पाहताना: व्हिजिटर म्हणून राहणे, बाहेर जाणे आणि परत येणे

कॅनडाचे नागरिक किंवा स्थायी निवासी असलेल्या व्यक्तीशी लग्न झाले, स्पॉन्सरशिपची, म्हणजे जोडीदाराला स्थायी निवासी करून घेण्याची हमी देणारी, फाईल भरली गेली आणि कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडून, म्हणजे आयआरसीसीकडून, ती मिळाल्याची पोचही आली, की मधला काळ कसा काढायचा हा प्रश्न घरात रोज निघू लागतो. भारतातल्या जोडीदाराने व्हिजिटर म्हणून जावे का, गेल्यास किती दिवस राहता येईल, मध्येच घरी कोणी आजारी पडले आणि भारतात यावे लागले तर परत जाता येईल का, आणि या जाण्यायेण्याने पीआरच्या, म्हणजे स्थायी निवासाच्या, फाईलला धक्का तर लागणार नाही ना, अशा शंका मनात असतात आणि त्यांना ओळखीपाळखीच्या लोकांकडून परस्परविरोधी उत्तरे मिळत राहतात. उत्तरे परस्परविरोधी असण्याचे मुख्य कारण हे की पीआरचा अर्ज, व्हिसा आणि देशात राहण्याची परवानगी या तीन निरनिराळ्या गोष्टी बोलण्यात एकत्र केल्या जातात. कायदा मात्र त्या वेगळ्या धरतो, प्रत्येकीची मुदत वेगळी मोजतो आणि एकीच्या जोरावर दुसरी आपोआप देत नाही.

पीआरच्या अर्जापासून सुरुवात करू. स्पॉन्सरशिपची फाईल चालू असणे म्हणजे फक्त एक अर्ज विचाराधीन असणे. त्यावरून अर्जदाराला कॅनडात प्रवेश मिळत नाही, तिथे राहता येत नाही आणि कामही करता येत नाही. पोचपत्रावर फाईल क्रमांक असतो, आणि तो पुढे व्हिजिटर व्हिसाच्या किंवा वर्क परमिटच्या अर्जात उपयोगी पडतो. पण विमानतळावर ते पत्र दाखवून कोणी आत जाऊ शकत नाही. म्हणून निर्णय येईपर्यंत कॅनडात राहायचे असेल, तर त्यासाठी इतर कोणाही परदेशी नागरिकाप्रमाणे तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी स्वतंत्रपणे मिळवावी लागते आणि ती संपू न देण्याची काळजीही स्वतःच घ्यावी लागते.

भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडात जाण्यासाठी व्हिजिटर व्हिसा लागतो. पासपोर्टवर चिकटवलेला हा कागद म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी आहे. तो दहा वर्षांपर्यंतचा, किंवा पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतचा, आणि कितीही वेळा प्रवेश करता येईल असा असू शकतो. पण दहा वर्षांचा व्हिसा असलेल्या माणसाला दहा वर्षे राहता येते असे नाही. किती काळ राहायचे हे प्रत्येक प्रवेशाच्या वेळी सीमेवरचा अधिकारी ठरवतो. त्याने वेगळी तारीख लिहून दिली नसेल, तर नियमाप्रमाणे ही मुदत प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची असते. समजा एखादी व्यक्ती १० मार्चला टोरंटोला उतरली आणि पासपोर्टवर नुसता शिक्का पडला. तिच्या व्हिसावर पुढची आठ वर्षे शिल्लक दिसत असली तरी तिने १० सप्टेंबरच्या आतच मुदतवाढ मागितलेली असली पाहिजे किंवा देश सोडलेला असला पाहिजे. हल्ली विमानतळावरच्या यंत्रावरून पुढे गेलेल्या काही प्रवाशांच्या पासपोर्टवर शिक्काही पडत नाही, आणि तेव्हाही सहा महिन्यांचाच नियम लागतो. अशा वेळी प्रवेशाची तारीख सिद्ध करण्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवावा. अधिकाऱ्याने एखादी तारीख हाताने लिहिली असेल किंवा वेगळा कागद दिला असेल, तर मात्र तीच तारीख अंतिम असते, मग ती तीन महिन्यांची का असेना.

याच्या उलटही खरे आहे आणि ते अनेकांना पटायला वेळ लागतो. कॅनडात असताना व्हिसाची मुदत संपली पण वास्तव्याची मुदत शिल्लक असली, तर त्या व्यक्तीचे राहणे पूर्णपणे कायदेशीर असते. तिला नव्या व्हिसाची गरज पडते ती देशाबाहेर जाऊन परत यायचे असेल तेव्हाच.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असेल तर देशात असतानाच ऑनलाईन मुदतवाढ मागता येते. त्याचे शुल्क १०० कॅनेडियन डॉलर आहे, आणि मुदत संपण्याच्या किमान तीस दिवस आधी अर्ज करावा असे खाते सांगते. मंजुरी मिळाली की व्हिजिटर रेकॉर्ड नावाचा कागद मिळतो आणि त्यावर नवी तारीख असते. स्पॉन्सरशिपची फाईल चालू असल्याचे कारण या अर्जात मोकळेपणाने लिहावे, पोचपत्र जोडावे, लग्नाचे प्रमाणपत्र जोडावे, आणि खर्च कोण करणार आहे याचा पुरावा द्यावा; जोडीदारासोबत राहणे हे मुदतवाढीचे पूर्णपणे रास्त कारण आहे. पासपोर्टची मुदत हीसुद्धा येथे मर्यादा ठरते, कारण पासपोर्ट संपण्याच्या पलीकडची तारीख दिली जात नाही. ज्यांचा पासपोर्ट वर्षभरात संपणार आहे त्यांनी आधी तो नवा करून घेतलेला बरा.

मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला आणि निर्णय यायला दोन-तीन महिने लागले, तर मधल्या काळाचे काय, याचे उत्तर इमिग्रेशनच्या नियमांमधील कलम १८३ मध्ये आहे. अर्ज वेळेत केलेला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर देशात राहता येते. याला पूर्वी इम्प्लाइड स्टेटस म्हणत, आता खाते मेंटेन्ड स्टेटस म्हणते. वरच्या उदाहरणातील व्यक्तीने ५ ऑगस्टला अर्ज केला आणि उत्तर नोव्हेंबरात आले, तरी सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ बेकायदेशीर ठरत नाही. उत्तर नकारार्थी आले तर त्या दिवसापासून मात्र तिचा दर्जा, म्हणजे देशात कायदेशीरपणे राहण्याचा हक्क, संपतो. तेव्हापासून ९० दिवसांच्या आत दर्जा पुन्हा बहाल करण्याचा, म्हणजे रिस्टोरेशनचा, अर्ज करता येतो, पण त्याचे शुल्क जास्त असते आणि मंजुरीची खात्री नसते. मुदत उलटून गेल्यावर जाग आली तरी हाच ९० दिवसांचा मार्ग उरतो. आपण मुदतीपेक्षा जास्त राहिलो हे कोणाला कळणार नाही, अशा समजुतीत तर कोणीच राहू नये. जमिनीवरून बाहेर पडणाऱ्यांची माहिती २०१९ पासून आणि विमानाने जाणाऱ्यांची २०२० पासून कॅनडाच्या सीमा सेवेकडे नियमितपणे जमा होते.

व्हिजिटर व्हिसा मागताना दोन्ही हेतू उघड सांगावेत

आता आधीच्या टप्प्याकडे येऊ, कारण बहुतेक जोडप्यांची गाडी तिथेच अडते. व्हिजिटर व्हिसा देताना अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते की ही व्यक्ती मुदत संपल्यावर परत जाईल; आणि जिने कायमचे राहण्यासाठीच अर्ज केला आहे ती परत कशाला जाईल, असा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे. कायद्याने या पेचाचा विचार केलेला आहे. इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट या कायद्याच्या कलम २२ मधील दुसरे उपकलम सांगते की स्थायी निवासी होण्याची इच्छा असणे हे तात्पुरता प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, मात्र परवानगीची मुदत संपेपर्यंत ती व्यक्ती देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. यालाच ड्युअल इंटेंट, म्हणजे दुहेरी हेतू, असे म्हणतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की अर्जदाराने अधिकाऱ्यापुढे एक सरळ विधान पुराव्यासह मांडायचे असते: मला माझ्या जोडीदारासोबत कायमचे राहायचे आहे आणि त्यासाठी रीतसर अर्ज केला आहे; तो मंजूर होईपर्यंत मी पाहुणा म्हणून येऊ इच्छितो; आणि मंजुरी मिळाली नाही किंवा मुदतवाढ मिळाली नाही तर मी परत जाईन, कारण मागे या या गोष्टी आहेत. या गोष्टी म्हणजे नोकरी आणि रजेचे पत्र, सुरू असलेले शिक्षण, घर किंवा जमीन, आईवडिलांची जबाबदारी, पूर्वी इतर देशांत जाऊन वेळेत परतल्याच्या नोंदी. शेवटचा मुद्दा वजनदार असतो. ज्यांच्याकडे यातले फारसे काही नाही, नुकतेच शिक्षण संपले आहे आणि पासपोर्ट कोरा आहे, त्यांना व्हिसा मिळणे अवघड जाते, हे मान्य करायला हवे. त्यांच्यासाठी निदान एवढी गोष्ट अनुकूल आहे की मे २०२३ मध्ये तत्कालीन इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी, स्पॉन्सरशिपची फाईल असलेल्या जोडीदारांच्या व्हिजिटर व्हिसाचे अर्ज वेगाने आणि त्यांची परिस्थिती लक्षात घेऊन हाताळण्याची पद्धत जाहीर केली. म्हणून शक्य असेल तर आधी स्पॉन्सरशिपची फाईल भरावी आणि पोचपत्र हाती आल्यावर, त्यावरचा क्रमांक देऊन, व्हिजिटर व्हिसाचा अर्ज करावा, असे माझे मत आहे.

लग्न झाल्याचे किंवा जोडीदार कॅनडात असल्याचे लपवून, केवळ पर्यटनासाठी जात असल्याचे दाखवून व्हिसा काढावा, असा सल्ला देणारे लोक भेटतात, आणि त्यांच्यापासून दूर राहावे असे मी अगदी कळकळीने सांगेन. महत्त्वाची माहिती लपवणे किंवा खोटी देणे याला कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे, आणि त्या पाच वर्षांत पीआरचा अर्जसुद्धा करता येत नाही. व्हिसाच्या अर्जात अविवाहित लिहिले आणि स्पॉन्सरशिपच्या अर्जात त्याआधीची लग्नाची तारीख दिली, तर दोन्ही कागद एकाच खात्याच्या एकाच संगणकात शेजारी शेजारी दिसतात. नकार मिळाला तर तो पचवता येतो आणि पुन्हा अर्ज करता येतो. ही बंदी मात्र संसाराची पाच वर्षे घेऊन जाते. एजंटाने फॉर्म भरला असेल तरी सही अर्जदाराची असते, त्यामुळे पाठवण्यापूर्वी प्रत्येक उत्तर स्वतः वाचावे. आणि नकार आलाच, तर अधिकाऱ्याने फाईलवर काय नोंदवले हे माहितीच्या कायद्याखाली मागवता येते. पाच डॉलर शुल्क भरून कॅनडातील जोडीदार अर्जदाराच्या संमतीने ही नोंद मिळवू शकतो. नकारपत्रातली छापील वाक्ये वाचून तर्क करण्यापेक्षा ती नोंद वाचून पुढचा अर्ज सुधारणे केव्हाही चांगले.

विमानतळावरही हाच नियम. व्हिसा असला तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असतो. कशासाठी आलात, कोणाकडे राहणार, किती दिवस, पीआरचा अर्ज केला आहे का, असे प्रश्न तो विचारतो. त्यांना थोडक्यात आणि खरी उत्तरे द्यावीत. परतीचे तिकीट, जोडीदाराच्या नोकरीचे पत्र, पोचपत्र, भारतातील नोकरीचा किंवा रजेचा कागद हातातल्या बॅगेत असावा. याउलट सामानात नोकरीसाठी तयार केलेला बायोडाटा, पदव्यांच्या मूळ प्रतींचा गठ्ठा आणि सगळा संसार भरलेल्या पेट्या असल्या, तर अधिकाऱ्याला पाहुणा दिसत नाही, आणि मग पुढची चौकशी लांबते. तो कमी मुदत देऊ शकतो किंवा परत जाण्यास सांगू शकतो.

फाईल कोणत्या वर्गात भरली यावर प्रवास ठरतो

प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय खरे तर फाईल भरतानाच घेतला जातो, आणि अनेकदा तो फारसा विचार न करता घेतला जातो. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपचे दोन वर्ग आहेत. एक कॅनडात एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठीचा, ज्याला लोक इनलँड म्हणतात. दुसरा कुटुंब वर्ग, ज्याला आउटलँड म्हणतात. इनलँड वर्गात अर्जदाराने कॅनडात स्पॉन्सरसोबत एका घरात राहत असणे ही अटच आहे, आणि ती अर्ज करताना जशी पाहिली जाते तशीच निर्णय देतानाही पाहिली जाते. आउटलँड वर्गात अर्जदार कुठे राहतो याला तेवढे महत्त्व नाही. नावावरून वाटते की या वर्गासाठी कॅनडाबाहेरच असले पाहिजे, पण तसे नाही. व्हिजिटर म्हणून कॅनडात जोडीदारासोबत राहत असलेली व्यक्तीही आउटलँड वर्गात अर्ज करू शकते आणि निर्णय येईपर्यंत तिथेच राहू शकते.

फरक कळतो तो अडचणीच्या वेळी. समजा इनलँड फाईल चालू असताना भारतात वडिलांची शस्त्रक्रिया निघाली आणि अर्जदार तीन आठवड्यांसाठी आला. छोट्या प्रवासाला बंदी नाही, आणि हातात अनेक प्रवेशांचा वैध व्हिसा असेल तर परत जातानाही सहसा काही होणार नाही. पण व्हिसा संपलेला असेल, नवा मिळण्यास नकार आला, किंवा सीमेवरून परत पाठवले गेले, तर ती व्यक्ती कॅनडात स्पॉन्सरसोबत राहत नाही अशी स्थिती होते, आणि वर्गाची मूळ अटच मोडल्यामुळे पीआरचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. शिवाय इनलँड वर्गातील नकाराविरुद्ध इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे, म्हणजे अशा निर्णयांवरील अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येत नाही. फेडरल कोर्टात न्यायालयीन पुनरावलोकन मागणे एवढाच मार्ग उरतो, आणि तिथे न्यायाधीश निर्णय वाजवी होता का एवढेच पाहतात, फाईल नव्याने तपासत नाहीत. आउटलँड वर्गात हाच प्रवास झाला आणि परत प्रवेश मिळाला नाही, तर जोडप्याला ताटातूट सोसावी लागते, पण फाईल चालू राहते. आणि नकार आला तर बहुतेक प्रकरणांत स्पॉन्सरला तीस दिवसांत अपील करण्याचा हक्क असतो, जिथे नवे पुरावे मांडता येतात आणि साक्षही देता येते.

म्हणून ज्यांचे आईवडील वयस्क आहेत, ज्यांची भारतातील नोकरी अजून सुटलेली नाही, ज्यांच्या घरात वर्षभरात भावंडाचे लग्न आहे, थोडक्यात ज्यांना मधल्या काळात भारतात यावे लागण्याची खरीखुरी शक्यता आहे, त्यांनी कॅनडात राहत असले तरी आउटलँड वर्गाचा विचार आधी करावा. पूर्वी इनलँडच्या बाजूने एक मोठा मुद्दा असे: त्या वर्गातल्या अर्जदाराला खुले वर्क परमिट, म्हणजे कोणत्याही एका मालकाशी न बांधलेली कामाची परवानगी, मागता येई. मे २०२३ पासून कॅनडात स्पॉन्सरसोबत राहणाऱ्या आउटलँड अर्जदारांनाही हा मार्ग खुला झाला, आणि तो फरक बराचसा मिटला. इनलँड वर्ग योग्य ठरतो तो मुख्यतः ज्यांचा दर्जा संपून गेला आहे त्यांच्यासाठी, कारण २००५ पासूनच्या एका सार्वजनिक धोरणानुसार मुदतीपेक्षा जास्त राहिल्यामुळे दर्जा गमावलेल्या जोडीदारांचा अर्जही या वर्गात विचारात घेतला जातो. अशा व्यक्तीने देश सोडण्यापूर्वी परवानाधारक सल्लागाराशी किंवा वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये. दोन्ही वर्गांचे सध्याचे प्रक्रियाकाळ खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात आणि ते सारखे बदलतात. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने बारा महिन्यांचे उद्दिष्ट जाहीर केले होते, पण प्रत्यक्ष काळ अनेकदा त्यापलीकडे गेला आहे. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताची स्वतंत्र मंजुरीही लागते, तेव्हा तिथला हिशेब वेगळा. एकदा भरलेल्या फाईलचा वर्ग मध्येच बदलता येत नाही. ती मागे घेऊन नवी भरावी लागते आणि रांगेत पुन्हा शेवटून उभे राहावे लागते.

मुदतवाढीचा अर्ज विचाराधीन असताना देशाबाहेर पडण्याचाही नीट विचार करावा. मेंटेन्ड स्टेटस हे कॅनडात असण्याशी जोडलेले आहे. बाहेर गेल्यावर ते सोबत येत नाही. परत येताना नव्या प्रवेशासारखीच तपासणी होते आणि वैध व्हिसा लागतोच. व्हिजिटर रेकॉर्ड हातात असला तरी तो व्हिसाचे काम करत नाही. याला एक अपवाद आहे: केवळ अमेरिकेत, किंवा सेंट पिएर आणि मिकलाँ या फ्रेंच बेटांवर, जाऊन आपल्या मंजूर मुदतीच्या आत परत आल्यास व्हिसा संपलेला असूनही परत येता येते. मुदतवाढ मिळालेली असेल तर ती वाढलेली तारीखही यात धरली जाते. भारतीयांना अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो हे अर्थातच आले, आणि अमेरिकेतूनच पुढे भारतात किंवा मेक्सिकोला गेलात तर हा अपवाद उरत नाही. अमेरिकेच्या सीमेपर्यंत जाऊन लगेच मागे फिरायचे आणि तिथेच वर्क परमिट घ्यायचे, ही फ्लॅगपोलिंगची जुनी युक्ती २३ डिसेंबर २०२४ पासून वर्क परमिट आणि स्टडी परमिटसाठी बंद झाली आहे, जरी ती सांगणारे अजून भेटतात.

स्पॉन्सरच्या प्रवासाकडे कोणाचे लक्ष जात नाही. स्पॉन्सर कॅनडाचा नागरिक असेल तर तो परदेशात राहूनही स्पॉन्सर करू शकतो, मात्र जोडीदाराला पीआर मिळाल्यावर कॅनडात राहायला येणार हे त्याने दाखवावे लागते. स्पॉन्सर केवळ स्थायी निवासी असेल तर निर्णय येईपर्यंत त्याचे वास्तव्य कॅनडातच असले पाहिजे. विरह सहन होत नाही म्हणून नोकरीतून लांब रजा घेऊन सहा-आठ महिने भारतात येऊन राहणारे पीआरधारक स्वतःच्या पात्रतेबद्दल प्रश्न ओढवून घेतात. दोन-तीन आठवड्यांची भेट ठीक आहे, आणि तिचे फोटो व तिकिटे नात्याचा पुरावा म्हणूनही चालतात.

काम, आजारपण आणि मूल

व्हिजिटरला कॅनडात नोकरी करता येत नाही, आणि रोख पैसे घेऊन केलेले कामही नोकरीच ठरते. सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम स्टडी परमिटशिवाय करता येतो. वर उल्लेखलेले खुले वर्क परमिट पोचपत्र आल्यावर मागता येते आणि त्याचे शुल्क २५५ डॉलर आहे. त्यासाठी अर्जदाराचा तात्पुरता दर्जा शाबूत असावा लागतो, हे मुदतवाढ वेळेत मागण्याचे आणखी एक कारण. परमिट हातात येईपर्यंत कामाला सुरुवात करू नये.

आरोग्यसेवा हा प्रांतांचा विषय असल्याने नियम सगळीकडे सारखे नाहीत. बहुतेक व्हिजिटरांना सरकारी आरोग्य विमा मिळत नाही. पीआरचा अर्ज किंवा वर्क परमिट असलेल्या जोडीदाराला काही प्रांत ठराविक टप्प्यावर सामावून घेतात. तोपर्यंत खासगी विमा घेतल्याशिवाय राहणे म्हणजे एका रात्रीच्या इस्पितळवासाने वर्षाची बचत घालवण्याची तयारी ठेवणे होय. गर्भारपणाचा खर्च अनेक व्हिजिटर पॉलिसींमध्ये धरलेला नसतो, आणि नव्या लग्नातल्या जोडप्यांनी हे आधीच वाचून घेतले पाहिजे.

मूल झाले तर फाईलवर परिणाम होतो. कॅनडात जन्मलेले मूल जन्मानेच तिथले नागरिक असते. पण जन्म भारतात झाला आणि स्पॉन्सर केवळ पीआरधारक असेल, तर मुलाला फाईलमध्ये जोडावे लागते आणि त्याची वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते. जन्माची माहिती खात्याला ताबडतोब कळवावी. जाहीर न केलेल्या आणि तपासणी न झालेल्या मुलाला पुढे स्पॉन्सर करण्यावर इमिग्रेशनच्या नियमांमधील कलम ११७ चे बंधन येते, आणि त्यातून सुटण्याचा मार्ग विशेष सवलतीतूनच काढावा लागतो. पत्ता, पासपोर्ट क्रमांक, फोन बदलला तरी खात्याच्या वेबफॉर्मवरून लगेच कळवावे. वैद्यकीय तपासणीची वैधता बारा महिन्यांची असते, त्यामुळे फाईल लांबली तर ती पुन्हा करण्याची सूचना येऊ शकते. त्या वेळी आपण ज्या देशात असू तिथल्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे ती करता येते.

मंजुरीच्या सुमारास कुठे असावे

फाईल शेवटच्या टप्प्यावर आली की खाते अर्जदार कॅनडात आहे की बाहेर हे विचारते, आणि पुढची वाट त्यावर ठरते. भारतात असलेल्या अर्जदाराचा पासपोर्ट मागवला जातो, व्हिसाचे अर्ज आणि पासपोर्ट स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्रामार्फत त्यावर पीआरचा व्हिसा लागून येतो, आणि कॅनडात उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी त्याला स्थायी निवासी करून घेतो. या व्हिसावरची तारीख बऱ्याचदा वैद्यकीय तपासणीच्या वैधतेशी जुळवलेली असते आणि ती वाढवून मिळेल असे धरून चालू नये. कॅनडात असलेल्या अर्जदाराला ऑनलाईन पोर्टलवर आपण देशातच असल्याचे जाहीर करून फोटो आणि पत्ता द्यावा लागतो, आणि मग स्थायी निवासाचे पुष्टीपत्र तिथेच मिळते. हे जाहीर करताना अर्जदार खरोखर कॅनडात असला पाहिजे. भारतातून पोर्टलवर कॅनडाचा पत्ता टाकणे म्हणजे शेवटच्या पायरीवर खोटे निवेदन करणे.

आणि येथेच एक अशी अडचण येते जिची कल्पना फार थोड्यांना असते. पुष्टीपत्र मिळाल्या क्षणापासून ती व्यक्ती व्हिजिटर राहत नाही, त्यामुळे जुना व्हिजिटर व्हिसा तारखेने शिल्लक दिसला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. पुष्टीपत्र हे प्रवासाचे कागदपत्र नाही. विमान कंपनी पीआर कार्ड मागते, आणि ते कार्ड टपालाने घरी यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. या मधल्या काळात पेढे घेऊन भारतात आलेली व्यक्ती परतीच्या विमानात बसू शकत नाही. तिला भारतातून ५० डॉलर शुल्क भरून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज करावा लागतो आणि ते येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे पोर्टलचा ईमेल येण्याची चिन्हे दिसू लागली की भारताचे तिकीट काढणे लांबणीवर टाकावे, आणि जाणे टाळता येण्यासारखे नसेलच, तर पोर्टलवर पुढे जाण्यापूर्वी खात्याला वेबफॉर्मवरून प्रवासाच्या तारखा कळवून परत आल्यावरच पुष्टी पूर्ण करावी. कार्ड हातात पडले की त्यावरचे नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळते का ते त्याच दिवशी तपासावे. चूक असेल तर ती दुरुस्त होऊन येईपर्यंतही तिकीट काढू नये.